खालच्या टाकीतला पंप

बाबा गेल्यावर केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच खालच्या टाकीचं झाकण काढलं, तेव्हा पंप जागेवर नव्हता. प्लॅस्टिकची नळी नुसतीच पाण्यात लोंबत होती. भिंतीवरच्या बोर्डातून उपटलेल्या प्लगची वायर टाकीच्या काठापर्यंत येऊन तिथे कापलेली होती, आणि कापलेल्या टोकांवर काळी पट्टी नीट गुंडाळलेली होती. चोर वायर कापतो, पट्टी गुंडाळत नाही. ज्याने हे केलं त्याला हे काम येत होतं, आणि मागून कोणाला धक्का बसू नये एवढा विचार त्याने केला होता. मला त्या विचाराचाच संशय आला.

माझे वडील श्रावण सहारे ब्रह्मपुरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी मागच्या ओसरीत विटांचा ओटा बांधून त्यावर काचेची मोठी टाकी ठेवली. तिच्या काठाजवळच्या पाइपातून जास्तीचं पाणी दोन पायऱ्या खाली, अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत उतरायचं. तिथे गिट्टी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून निघायचं, आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. तेच पाणी फिरत राहायचं. वरच्या टाकीत बोटभर लांबीचे काळपट मासे होते. सूरजागडच्या डोंगरातल्या एका नाल्यातून बाबांनी ते दुधाच्या कॅनमध्ये भरून, दोन एसट्या बदलून आणले होते. हे मासे दगडाला तोंड लावून धारेच्या समोर चिकटून बसतात. पाणी थांबलं की दगड सोडतात, वर येतात आणि तोंडं उघडझाक करत राहतात. मी झाकण काढलं तेव्हा ते सगळे वर आलेले होते.

बाबा मार्च संपता संपता गेले. भर दुपारी, याच सिमेंटच्या टाकीपाशी पडलेले आत्याला दिसले. डॉक्टर आले, नाडी पाहिली, हृदय बंद पडलं म्हणाले. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. चंद्रपूरहून मी पोचले तोवर त्यांना आंघोळ घालून झाली होती.

"आत्या, पंप कोणी नेला?"

केसरबाई ही बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहणारी. ती तांदूळ निवडत होती. "कोणता पंप?"

"टाकीतला."

"सोमाजी आला होता. तुमी सगळे घाटावर गेल्ते तवा. पिशवी होती त्याच्याजवळ."

"पिशवीत काय होतं?"

"मले कायले पुसते, माय? घरातून मढं नुकतंच गेलं, आन् मी का लोकायच्या पिशव्या पाहत बसू?"

सोमाजी नाकतोडे बाबांचे सगळ्यात जुने मित्र, गल्लीपलीकडेच राहणारे. ते घाटावर नव्हते हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण अशा दिवशी माणूस कुठे कोसळून बसला असेल सांगता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं.

मी बादली घेतली. खालच्या टाकीतलं पाणी उपसायचं, दोन पायऱ्या चढायच्या, वरच्या टाकीत धार धरून सोडायचं. पुन्हा खाली. बादलीची धार पडे तेवढा वेळ मासे दगडाला चिकटत, आणि ती थांबली की सुटत. माझी रजा पुढच्या सोमवारी संपत होती. त्यानंतर या टाकीत रोज हात घालायचा होता तो आत्याने. पानं काढायची, पंपाच्या तोंडाशी अडकलेलं शेवाळ सोडवायचं. मासे कोणाला देऊन टाकावेत असं तिला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "दादाचे हायेत ते," आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली. तो विषय तिथेच संपला.

सोमाजीभाऊंचं मोटार वायंडिंगचं दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर. शेतावरच्या जळलेल्या मोटारी लोक बैलगाडीतून आणून टाकतात, ते जुनी तार काढून नवी गुंडाळून देतात. मी बी.ए. झाले, नोकरीला लागले, तरी ते मला 'पोट्टी' म्हणत आणि अरेतुरे करत. त्या दिवशी मला पाहून ते उठले. स्टूल फडक्याने पुसलं.

"या बाई. बसा."

मी बसले नाही. "पंप तुम्ही नेला का, सोमाजीभाऊ?"

"हो."

"कशाला?"

"जळला होता तो."

"बाबा जायच्या आदल्या रविवारी मी आले होते. तेव्हा चालू होता."

"मंग नंतर जळला असन."

"असन?"

"जळला होता, बाई. भंगारात देला."

बाकावर मोटारीसाठी ताटकळत बसलेला एक शेतकरी हसला. "सोमाजीभाऊ भंगारात देते? बुडाखालचा वाकडा खिळा देत नाई हा मानूस. मागच्या खोलीत जाऊन पाहा, इंग्रजाच्या टाइमची मोटार हाये."

एरवी सोमाजीभाऊंनी त्याला चार ऐकवली असती. आज ते हातातली तार सरळ करत राहिले. टेबलाखाली, भिंतीलगत, शटरच्या कोपऱ्यात जळकी यंत्रं रचून ठेवलेली मला दिसत होती. त्यांत एका छोट्या पंपाला जागा झाली नसती असं नव्हतं.

"मला नवा पाहिजे," मी म्हणाले. "तसाच."

"तसा नोका घेऊ. पान्यात बुडनारा नोकाच घेऊ. कूलरले असते नं, मोटार वर अन् पंखा पान्यात, तसा घ्या."

"तो एवढ्या उंचीवर चढवेल पाणी?"

"थोडं कमी चढवन."

"मासे धारेतले आहेत."

त्यांनी मान खाली घातली. "तं वडशाले पाहा. माह्याकडे नाई."

त्यांच्या डोक्यामागच्या फळीवर पाण्यात बुडणारे दोन पंप होते, एक तर खोक्यातसुद्धा. मी त्यांच्याकडे पाहिलं. सोमाजीभाऊंनी मागे वळूनही पाहिलं नाही, आणि म्हणाले, "ते लोकायचे हायेत."

वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस अचानक 'बाई' म्हणतो, विकायला ठेवलेली वस्तू विकत नाही, आणि दुसऱ्याच्या दुकानात पाठवतो. घरी परत येताना मी याची सोपी कारणं शोधत होते. पंप चांगला होता आणि त्यांनी तो विकून टाकला, हे सर्वांत सोपं. ते खरं असावं असं मला फार वाटत होतं. चोरी माफ करता येते.

दुसऱ्या दिवशी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नदीपलीकडच्या वडशाला गेले. स्टेशनजवळ शेतीच्या मोटारी आणि कूलरचं सामान विकणारे बिरजूशेठ बाबांच्या ओळखीचे. उन्हाळा सुरू झालेला, दुकानासमोर कूलरच्या लाकडी भुशाच्या जाळ्या उंच रचलेल्या. मी पंप म्हणताच त्यांनी पाऊण हॉर्सपॉवरची मोटार पुढे ओढली.

"मासे किती म्हणाल्या?"

"वीसेक. बोटाएवढे."

"मग ही कायको? ही लावली तर मासे छप्परपर." त्यांनी मोटार मागे सारली. "सहारे सरांची मुलगी ना? सरांनी मले एक तास उभा करून समजावलं होतं. पाणी कुठून उचलायचं अन् कुठपर्यंत, आधी ते मोजून आणा. किती आहे?"

मी मोजून आणलं होतं. खालच्या टाकीच्या तळापासून वरच्या टाकीच्या काठापर्यंत, माझ्या हनुवटीएवढं.

"बघा, डब्यावर जे पाणी लिहितात ते सपाट जमिनीवरचं. वर चढवलं की कमी होत जातं. हा कूलरवाला पाच फूट म्हणते. पाच फुटावर काय करते? थुंकते फक्त." त्यांनी दुसरा, लोखंडी कवचातला छोटा पंप काउंटरवर ठेवला. "हा आठवाला. तुमच्या उंचीवर बराबर धार देईल. याच्याहून मोठा घेतला तर वरून खाली उतरणाऱ्या पाइपात पाणी मावणार नाही, ओसरीत तलाव होईल. सरांनी हाच नेला होता, मागच्या साली."

"तो जळला म्हणे."

"एकदा जळला होता, फागुनात. सर घेऊन आले होते. मी म्हटलं, हा बंद डब्बा आहे, खोलू नका, नवीन घ्या. ते म्हणाले सोमाजी तार भरून देते. त्याच्या हाताले तोड नाही, खरं आहे. पण खोलला की आतलं रबर बदलावं लागतं. सील. नाहीतर पाणी आत."

"मग?"

"मग काय. पाणी आत, करंट बाहेर." ते पंप कागदात गुंडाळू लागले. "सील त्याने माझ्याकडून नेलं नाही. ब्रह्मपुरीत मिळालं असेल. मागच्या आठवड्यात आला होता तो. मले विचारत होता, सील गेलं तर टाकीतल्या पाण्यात करंट येते का. मी म्हटलं, सोमाजी, तू मले विचारते? तू तर या लाइनचा बाप. तर उठून निघाला. चहा पण नाही घेतला."

सुतळी बांधून त्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. दुकानात कूलर चालू होता आणि त्याच्या थंड हवेत उभं राहणं मला एकाएकी अशक्य झालं.

गाडीत बसल्यावर मी एकेक गोष्ट पुन्हा लावून पाहिली. पंप सोमाजीभाऊंनी उघडला होता. त्यानंतर तो पाण्यात होता. बाबा त्या पाण्यापाशी पडले. सोमाजीभाऊ घाटावर आले नाहीत, आमच्या घरी आले, आणि पंप घेऊन गेले. जळला होता हे खोटं, भंगारात दिला हे खोटं. आता ते लोकांना विचारत फिरताहेत की असं होऊ शकतं का. मला कुठेही फट सापडत नव्हती. आणि याच माणसाच्या शेजारावर विसंबून मी सोमवारी आत्याला एकटी सोडून जाणार होते.

घरी आल्यावर मी आत्याला समोर बसवलं.

"आत्या, बाबा दिसले तेव्हा लाईन होती का?"

"कवा?"

"त्या दुपारी. लाईट होते की गेलेले?"

तिने विचार केला. "गेल्ती. मी पंखा हालवत होती नं हातानं."

लाईन नव्हती तर पंप बंद होता. "म्हणजे घरातला पंखा बंद होता."

"घरातला कुठी? मी बाहेर, चिंचेखाली बसली होती. चिंचेले का पंखा लावला हाये?"

"मग लाईन गेली हे कशावरून?"

"तूच तं म्हनून राह्यली."

"मी विचारते आहे, आत्या. रेडिओ लागला होता का?"

"लागला होता. दादानं लावला होता, बातम्या."

"म्हणजे लाईन होती."

"सेलवर चालते तो रेडिओ."

मी उठून पाणी प्यायले. परत येऊन विचारलं, "हात पाण्यात होता का त्यांचा?"

"बाही ओली होती." ती आता माझ्याकडे पाहत नव्हती. "कोपरापर्यंत. पन टाकीत पडला असन पानी हालवता हालवता. नाई तं पडल्यावर... पोरी, काऊन विचारते हे? मेल्यावर असं विचारते का कोनी?"

"पायात चप्पल होती?"

"घरात कवा घालत होता तो चप्पल?"

आमच्याकडे कूलरमध्ये पाणी टाकायचं असलं की लहान पोरसुद्धा आधी रबरी चप्पल घालतं, आणि पत्र्याला हाताची उलटी बाजू लावून पाहतं. प्रत्येक घरात कोणाला ना कोणाला झटका बसलेला असतो, आणि तो हसत हसत सांगितला जातो. बाबाही सांगत. पण टाकी म्हणजे कूलर नव्हे. टाकी हे त्यांचं काम होतं, आणि कामाला बाबा अनवाणी उभे राहत. मला आता प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी खरी दिसू लागली होती. ओली बाही विजेकडे बोट दाखवत होती, आणि तीच बाही नुसती टाकीतली पानं काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचीही होती. त्या दिवशी वीज होती की नव्हती हे वीज कचेरीत विचारावं असंही मनात आलं. आमच्या गल्लीतली लाईन वेगळी, पलीकडची वेगळी, आणि कोणती केव्हा जाते हे गल्लीतल्या माणसांनाच सांगता येत नाही. बादल्या उपसता उपसता रात्र झाली. दोन मासे मेले होते.

सकाळी सोमाजीभाऊ स्वतःच आले. बगलेत कूलरचा पंप होता, चार पायांवर उभा राहणारा, मोटार वर आणि लांब दांड्याला खाली पंखा. मागच्या दाराने येऊन ते अंगणात थांबले. मी बादली घेऊन पायरीवर होते.

"मी लावून देतो," ते म्हणाले. "पैशाचं नाई."

"बिरजूशेठकडे गेले होते मी."

त्यांनी पंप जमिनीवर ठेवला. काळजीपूर्वक, चारही पाय टेकवून.

"सील कोणतं टाकलं होतं, सोमाजीभाऊ?"

"सायकलच्या ट्यूबचं." ते लगेच बोलले, जणू प्रश्नाची वाटच पाहत होते. "गोल कापून. बहुत पंपांले टाकलं मी तसं. चालते. शेतावरचे पंप चालूनच राह्यले. सर म्हणाले, सीलसाठी वडशाले कायले जातं, ट्यूबचं टाक." मग थांबून त्यांनी मान हलवली. "नाई. ते मी आता म्हनून राह्यलो. सर तसं म्हणाले का नाई, मले खरं आठवत नाई. दुसऱ्या कोनी म्हटलं असन. रोज म्हनते कोनी ना कोनी."

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला आत जा म्हणाले नाही.

"त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा बटण चालू होतं का?"

"पाह्यलं नाई."

"सोमाजीभाऊ."

"खरंच नाई पाह्यलं. तुमी सगळे सरांले घेऊन गेलते. मी मागं राह्यलो. इथी आलो अन् सीधा प्लग उपटला. उपटल्यावर समजलं का आधी पाहाचं होतं. पंखा फिरत होता का, पानी चढत होतं का, काईच नाई पाह्यलं." ते उकिडवे बसले. "आदल्या दिवसापासून दुसऱ्या कोनी बंद केलं असन, तेबी नाई विचारलं कोनाले. कोनाले विचारू? तार कापली, पट्टी मारली, पंप पिशवीत टाकला."

"आणि भंगारात दिला."

"नाई."

"मग कुठे आहे?"

"दुकानात होता. टेबलाखाली. टेस्टिंगचा दिवा तिथंच लटकून असते, एक तार पंपाले लावाची अन् एक पान्याले. दिवा लागला तं करंट हाये. एवढंच. लेकरू करन ते." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "मी दोनदा घेतला पंप टेबलावर. नाई लावली तार. मंग वडशाले जाताना गाडीच्या दारातून फेकून देला. पुलावरून."

वैनगंगेत एप्रिलात पाणी थोडं असतं, वाळूच जास्त. मी विचारलं, "पाण्यात पडला की वाळूत?"

"खाली नाई पाह्यलं."

"शोधला तर सापडेल."

"सापडन." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चला म्हनान तं आता येतो. पन आता दिवा लागला तं तो नदीच्या पान्यानं लागला का माह्या ट्यूबनं, कोनाले समजन? अन् नाई लागला तं फेकताना आपटून तार तुटली म्हनून नाई लागला, असं तुमी म्हनान. मी बी म्हनीन."

"हे तुम्हाला फेकायच्या आधी कळत होतं."

"हो."

"म्हणून फेकला?"

ते नव्या पंपाची वायर गुंडाळू लागले. आत्या म्हणाली, "सोमाजी, ते पुसून राह्यली, सांग."

"टेस्ट केलं असतं तं समजलं असतं नं, बाई," ते आत्याला म्हणाले. "मंग मी काय केलं असतं?"

मला वाटलं होतं की हा क्षण येईल तेव्हा मी ओरडेन, किंवा रडेन. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. माझ्या बापाचं मरण कसं झालं हे कळायचा एकच रस्ता होता, आणि तो या माणसाने स्वतःच्या भीतीपायी बंद केला होता. याचा राग मला आला, आजही येतो. पण तो खोटं बोलतो आहे असं मला त्या क्षणी वाटलं नाही. खोटं बोलणाऱ्याला बटण बंद होतं असं म्हणता आलं असतं. किंवा दिवा लावून पाहिला, करंट नव्हता, असंही. मला तपासता आलंच नसतं. अर्थात असं म्हटलं नाही म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवेन, हा हिशोबही त्याने केलेला असू शकतो. हाही विचार मला आला. तो आल्यावर मी उठले.

"लावा तो पंप," मी म्हणाले.

त्यांनी तो खालच्या टाकीत उभा केला, मोटार पाण्याच्या बरीच वर राहील असा. वायर नवी आणली होती, तीन तारांची. आमच्या घरात तिसऱ्या, अर्थिंगच्या तारेला जोडायला काहीच नव्हतं. ब्रह्मपुरीत फार थोड्या घरांत असतं. त्यांनी चिंचेपलीकडे खड्डा खणायला घेतला. आत्याने चुलीतला कोळसा आणि खडे मीठ आणून दिलं. लोखंडी नळी पुरून, तिला तांब्याची तार आवळून त्यांनी ती पंपापर्यंत आणली. सगळं होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग मी बटण दाबलं.

पाणी नळीतून चढलं. वरच्या तोंडाशी येऊन थांबल्यासारखं झालं, आणि मग एकेक थेंब पडू लागला. बिरजूशेठ म्हणाले होते तसं, पंप थुंकत होता. मासे हलले नाहीत.

वडशाचं पुडकं आत आत्याच्या खाटेवर होतं, सुतळी न सोडलेलं. नवा, कारखान्यातून बंद होऊन आलेला, कोणाचा हात न लागलेला पंप. उंचीला बरोबर बसणारा. तो लावला तर धार मिळणार होती, मासे जगणार होते. आत्याने मात्र रोज त्या पाण्यात हात घालायचा, ज्यात मोटार बुडालेली आहे. आज सील नवं आहे. पाच वर्षांनी? ते गेलं की आत्या पंप बदलायला वडशाला जाणार नाही. गल्ली ओलांडून सोमाजीभाऊंकडेच जाईल.

"वरची टाकी खाली घेऊ," मी म्हणाले.

सोमाजीभाऊंना आधी समजलं नाही. "पंप बदलाचा नाई?"

"नाही. उंची कमी करू."

मासे घमेल्यात काढले. पाणी उपसून खालच्या टाकीत सोडलं. काचेची टाकी तिघांनी मिळून उचलली, आत्याने सुद्धा, कंबरेला पदर खोचून आणि आम्हा दोघांना शिव्या देत. ओट्याच्या विटा बाबांनी मातीत बसवल्या होत्या, त्या हाताने सुटल्या. तळाचा एक थर ठेवून बाकीचे काढले. टाकी पुन्हा ठेवली तेव्हा ती अंगणातल्या टाकीपेक्षा जेमतेम उंच राहिली. पाणी उतरायला तेवढा उतार पुरत होता.

या वेळी धार आली. मोठी नव्हती, पण अखंड होती. सोमाजीभाऊंनी नळीचं तोंड दगडांकडे वळवलं. घमेल्यातले मासे मी एकेक करून सोडले. पहिले काही तसेच तरंगत राहिले. मग एक खाली गेला.

"हात घालून पाहा," सोमाजीभाऊ खालच्या टाकीकडे बोट दाखवून म्हणाले.

"तुम्ही घाला."

ते ओल्या जमिनीवर बसले, बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, पंपाच्या पायांपर्यंत. तिथेच ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. आपण काय शोधतो आहोत ते मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही. त्यांनी डोळे खाली केले नाहीत. हात बाहेर काढला तेव्हा मी श्वास सोडला. तो त्यांच्यासाठी की आत्यासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

"काई नाई," ते म्हणाले.

"आज काही नाही," मी म्हणाले. "मी सोमवारी जाते. आत्या रोज सकाळी पानं काढते. तिच्या आधी तुम्ही येऊन हात घालायचा."

"बाप्पा," आत्या म्हणाली. "मी का रोज याच्या वाटंकडे पाहत बसू?"

"हो. ते आले नाहीत तर पाण्याला हात लावायचा नाही."

सोमाजीभाऊंनी धोतराला हात पुसला. "किती दिवस?"

"ते मला माहीत नाही."

त्यांनी वर सारलेली बाही खाली ओढली. मग म्हणाले, "येईन," आणि कुदळ उचलून चिंचेपलीकडचा खड्डा पुरा बुजवायला गेले.

वडशाचा पंप मी जाताना बिरजूशेठना परत पाठवला. चंद्रपूरहून दर पंधरवड्याला घरी जाते. आत्या सांगते, दुकान उघडायच्या आधी ते येतात, बटण दाबतात, हात घालतात, काढतात. चहा देते म्हटलं तर आधी नको म्हणत, आता घेतात. पाऊस सुरू झाल्यावरही आले, डोक्यावर पोतं घेऊन. मी दर खेपेला विचारते, हात घालताना चेहरा कसा होता.

"सकाळी सगळ्यायचा असते तसा," ती म्हणते.